अल्योशाला सगळे सांगतात

‘कारामाझोव्ह बंधू’ या कादंबरीत मनावर ओझं झालं की माणसं अल्योशाला गाठतात. बाप गाठतो, दोन्ही थोरले भाऊ गाठतात, भावाची वाग्दत्त वधू गाठते, आणि जिच्यापायी बाप आणि भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेत ती ग्रुशेन्काही शेवटी त्याच्यापाशीच रडते. चाकांच्या खुर्चीत बसणारी चौदा वर्षांची लीझा त्याला चिठ्ठी लिहिते. शाळकरी इल्युशा आधी त्याच्यावर दगड भिरकावतो, मग त्याचं बोट कडकडून चावतो, आणि पुढे त्याच मुलाच्या उशाशी अल्योशाची जागा ठरून जाते. वय अवघं वीस, अंगात मठातला झगा, आणि दिवसभर पायपीट. या घरातून त्या घरात, मठातून गावात, गावातून परत मठात. जिथे जाईल तिथे कुणीतरी त्याचा हात धरतं आणि म्हणतं, बस, तुला सांगायचंय.

दोस्तोयेव्हस्कीने प्रस्तावनेतच सांगून टाकलं आहे की आपला नायक हाच. लगेच पुढे त्याला चिंताही वाटते: वाचक विचारतील, याने असं केलंय तरी काय? प्रश्न रास्त आहे. अल्योशा कुणाला मारत नाही, कुणाला वाचवत नाही, त्याच्या नावावर एकही मोठं कृत्य नाही. तो ऐकतो. आपल्या जुन्या नाटकांत हे काम सखीचं असायचं. नायिकेच्या मनातलं प्रेक्षकांना कळावं म्हणून ती शेजारी उभी असायची आणि काम झालं की पडद्याआड जायची. इथे त्या सखीच्या जागेवरच्या माणसाला लेखकाने मधोमध आणून बसवलं आहे.

कादंबरी ‘रशियन मेसेंजर’ या मासिकात जानेवारी 1879 पासून नोव्हेंबर 1880 पर्यंत येत राहिली. याच नायकाची पुढची कथा लिहायचा लेखकाचा इरादा होता, पण 1881 च्या सुरुवातीलाच तो गेला. म्हणजे अल्योशा मोठेपणी काय करणार होता ते आपल्याला कधीच कळणार नाही. हातात उरलं आहे ते त्याचं ऐकणं.

वर वर पाहिलं तर या घरातली माणसं साच्यातून काढल्यासारखी आहेत, आणि टीकाकारांनी ते साचे पिढ्यान् पिढ्या सांगितलेही आहेत. बाप फ्योदोर पावलोविच हा विदूषक आणि लंपट. अठ्ठाविशीकडे झुकलेला मित्या, म्हणजेच दिमित्री, हा देह, वासना, उधळेपणा. चोविशीकडे झुकलेला इव्हान म्हणजे बुद्धी. अल्योशा म्हणजे आत्मा. ग्रुशेन्का बदनाम बाई, मित्याची वाग्दत्त वधू कतेरीना इव्हानोव्हना, म्हणजे कात्या, मानी कुलीन तरुणी, अल्योशाचा मठातला गुरू झोसिमा साधुपुरुष, स्मेर्द्याकोव्ह कपटी नोकर. कॉलेजात असताना मी ही कादंबरी अशीच वाचली होती, वहीत एक तक्ताही काढला होता. तो तक्ता चूक नाही. पण नंतरच्या वाचनांत ध्यानात येत गेलं की यातला कुणीही आपल्या साच्यात फार वेळ मावत नाही, आणि तो साचा तडकतो ती जागा जवळजवळ दर वेळी एकच असते: समोर कुणीतरी ऐकत बसलेलं असतं.

मित्याचंच बघा. शेजारच्या बागेतल्या मोडकळीला आलेल्या लाकडी मंडपात तो अल्योशाला धरून बसवतो. समोर ब्रँडी, तोंडी शिलरच्या कविता. हे आत्मनिवेदन तीन प्रकरणं चालतं आणि त्यांची नावंही मित्याच्या चालीची आहेत: पेटलेल्या हृदयाची कबुली, आधी पद्यात, मग किश्शांत, मग डोकं खाली पाय वर. सौंदर्य ही भयंकर गोष्ट आहे, तिथे देव आणि सैतान झुंजतात आणि रणांगण असतं माणसाचं काळीज, हे त्याचं प्रसिद्ध वाक्य याच मंडपातलं. पण मी थांबते ती त्याच्याआधी नाही, नंतर. मित्या छावणीच्या गावातले आपले बाहेरख्यालीपणाचे किस्से सांगत असतो आणि अल्योशा लाल होतो. मित्याला वाटतं, पोरगं लाजलं, आपण फार घाण बोललो. अल्योशा म्हणतो, तुझ्या बोलण्याने नाही मी लाल झालो, तू जे केलंस त्यानेही नाही. मीही तुझ्यासारखाच आहे म्हणून झालो. मित्या चकित होतो. मग अल्योशा शिडीचं सांगतो: शिडी एकच, मी सगळ्यात खालच्या पायरीवर, तू तेराव्या-बिराव्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माणूस वर जाणारच.

मग पायच ठेवू नये, असं मित्या म्हणतो. ज्याला जमेल त्याने ठेवू नये, हे अल्योशाचं उत्तर. तुला जमेल? बहुतेक नाही.

या चार ओळींत आत्मा आणि देह अशी वाटणी कोसळते. मठातला मुलगा स्वतःला कारामाझोव्ह म्हणवून घेतो, आणि ते उपदेशाचा एक मार्ग म्हणून नव्हे, खरोखर तसं वाटतं म्हणून. मनातलं सांगणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती असते ती वरून पाहिलं जाण्याची. अल्योशा ती भीती कुठल्याही आश्वासनाने घालवत नाही. तो फक्त आपली पायरी सांगतो. म्हाताऱ्या बापालाही त्याचा हाच गुण कळला आहे. नरकात आपल्याला ओढायला सैतानांकडे आकडे असतील का, ते लोखंडाचे असतील का, असली बडबड करता करता तो मध्येच म्हणतो, या जगात तू एकटाच आहेस ज्याने मला दोषी धरलं नाही, मला ते जाणवतं. एवढं म्हणून तो निर्लज्ज म्हातारा मुसमुसतो. मला फ्योदोर पावलोविचचा संताप येतो, पण या एका जागी तो मला माणूस वाटतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरात असं एक माणूस होतं, मोठी काकू. स्वयंपाकघरात ती काहीतरी निवडत बसलेली असायची, मेथी नाहीतर तांदूळ, आणि घरातलं कुणी ना कुणी येऊन शेजारी पाट ओढायचं. काका लोकांची कर्जं, आत्यांची सासरं, आमचे नापास झालेले पेपर, सगळं त्या ताटासमोर यायचं. काकू दुसरा प्रश्न कधी विचारत नसे. आपण सांगू तेवढंच घ्यायची, उकरायची नाही, आणि एकाचं दुसऱ्याला सांगायची नाही. अल्योशा वाचताना मला तिचं ते खाली बघून निवडणं आठवतं. आणि त्याच वेळी मागच्या मोरीत भांडी घासणाऱ्या बाईही आठवतात. काकूच्या ताटापासून त्या चार हातांवर असायच्या. त्यांच्याही घरी काहीतरी चालू असणार. चेहरा सुजलेला दिसायचा कधी कधी. पाट ओढून बस म्हणून त्यांना कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

हे मी सांगते आहे ते स्मेर्द्याकोव्हमुळे.

स्मेर्द्याकोव्ह घरचा स्वयंपाकी. गावात भटकणाऱ्या, मुक्या, वेडसर लिझावेताच्या पोटी कारामाझोव्हांच्याच न्हाणीघरात जन्मलेला, आणि बाप कोण याबद्दल सगळं गाव फ्योदोर पावलोविचकडे बोट दाखवतं. म्हणजे लोकांच्या बोलण्यात तथ्य असेल तर तो चौथा भाऊ. मॉस्कोहून स्वयंपाक शिकून आला, फेपरे येतात, कपडे नीटनेटके, कुणाशी सलगी नाही. कादंबरीत ज्याच्याशी कुणीच मन मोकळं करत नाही आणि ज्याचं मन कुणी ऐकत नाही असा हा एक. इव्हान मात्र काही काळ त्याच्याशी तत्त्वज्ञानाच्या गप्पा मारतो. ईश्वर नसेल, अमरत्व नसेल, तर सगळंच चालतं, हे इव्हानचं म्हणणं. स्मेर्द्याकोव्ह ऐकतो.

मित्याची कबुली झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी अल्योशा पुन्हा त्याच बागेत, त्याच मंडपात येऊन बसतो. मित्याला गाठायचंय, तो येईल म्हणून वाट बघतोय. तेवढ्यात जवळच्या झुडपांपलीकडून गिटारचे सूर येतात. बाकावर स्मेर्द्याकोव्ह आणि शेजारची मार्या कोन्द्रात्येव्हना. ती त्याच्या गाण्याचं कौतुक करते आणि तो, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःबद्दल बोलतो. आपल्या जन्मावरून लोकांनी आपल्याला कसं हिणवलं ते सांगतो. म्हणतो, या जगात यावंच लागलं नसतं तर पोटातच मारून टाकलेलंही मला चाललं असतं.

अल्योशा हे ऐकतो. मुद्दाम नाही, कानावर पडतं. मग त्याला शिंक येते, पलीकडे एकदम शांतता होते, तो उठून त्यांच्याकडे जातो. आणि विचारतो काय? दिमित्री लवकर येईल का?

मला काय माहीत, मी काही त्याचा राखणदार नाही, असं स्मेर्द्याकोव्ह उत्तरतो.

मी ही कादंबरी वाचताना आता सगळ्यात जास्त थबकते ती या पानावर. ज्याला सगळं गाव सांगतं त्या माणसाच्या कानावर एका माणसाने जन्मालाच न येण्याची इच्छा बोलून दाखवली, आणि त्याने दुसऱ्याच भावाची चौकशी केली. लेखक यावर एक शब्द लिहीत नाही. अल्योशाला ठपका देत नाही, अल्योशालाही पुढे कधी हे टोचताना दाखवत नाही. त्याच संध्याकाळी, म्हणजे बापाच्या खुनाच्या आदल्या दिवशी, स्मेर्द्याकोव्हचं ऐकून घेणारा माणूस इव्हान ठरतो. की इव्हानचं ऐकून घेणारा स्मेर्द्याकोव्ह ठरतो? कादंबरीची सगळी भीषणता या उलटापालटीत आहे.

पण त्याआधी ती खानावळ. बागेतून अल्योशा तिथेच जातो, कारण इव्हानने मित्याला तिथे बोलावल्याचं स्मेर्द्याकोव्हनेच सांगितलेलं असतं. मित्या नसतोच. इव्हान एकटा बसलेला असतो. भावासाठी माशांचं सूप मागवतो, चहा मागवतो, आणि चेरीचा मुरंबा, कारण लहानपणी अल्योशाला तो आवडायचा हे त्याला आठवतं. एवढा रुक्ष म्हणवला जाणारा इव्हान मुरंबा लक्षात ठेवतो. वसंतातल्या चिकट कोवळ्या पानांवर आपलं प्रेम आहे हेही तो तिथेच सांगतो. आणि मध्येच, लहान मुलासारखं हसत, मला कदाचित तुझ्याकडून बरं व्हायचं असेल, असंही म्हणून जातो. मग तो मुलांच्या छळाच्या कथा सांगतो. आठ वर्षांच्या पोरावर शिकारी कुत्रे सोडणाऱ्या जनरलची कथा सांगून विचारतो, काय करावं याचं? गोळी घालावी? अल्योशा पांढराफटक पडून म्हणतो, घालावी. इथेही तो श्रोत्याच्या सुरक्षित जागेवर राहत नाही. शिडीवरची पायरी त्याने आदल्या दिवशी सांगितली होती, आज ती दिसते.

मग इव्हानने रचलेलं महान धर्मन्यायाधीशाचं ते काव्य, ज्यावर ग्रंथालयं भरतील एवढं लिहिलं गेलं आहे. त्यावर मी इथे थांबणार नाही. मला एवढंच म्हणायचंय की ते प्रवचन म्हणून वेगळं काढून छापलं जातं तेव्हा त्यातलं अर्धं निघून जातं. ते एका भावाने दुसऱ्याला, थंड होत चाललेल्या सूपसमोर सांगितलेलं आहे. काव्यात नव्वदीचा म्हातारा बोलत राहतो आणि बंदी ख्रिस्त गप्प राहून शेवटी त्याचं चुंबन घेतो. खानावळीत इव्हान बोलत राहतो आणि शेवटी अल्योशा उठून त्याचं चुंबन घेतो. ही तर उचलेगिरी झाली, असं इव्हान ओरडतो, पण खूश होऊन. त्याला उत्तर नको होतं असं मला वाटतं. आपलं सगळं ऐकूनही समोरचा उठून गेला नाही, एवढं बघायचं होतं.

निघताना अल्योशाला दिसतं की इव्हान जरा डुलत चालतोय आणि त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. हे त्याने पूर्वी कधी पाहिलेलं नसतं. आणि मग दोस्तोयेव्हस्की ते वाक्य लिहितो जे वाचून पोटात कालवतं: पुढे आयुष्यात अनेकदा अल्योशाला नवल वाटलं की त्या संध्याकाळी आपण दिमित्रीला कसे साफ विसरलो. सकाळी तर त्याने ठरवलं होतं, मठात परतायला जमलं नाही तरी चालेल, पण त्याला शोधायचंच. एका भावाचं मनापासून ऐकताना दुसरा भाऊ निसटला. मृत्युशय्येवरच्या गुरूकडे धाव घेणं साहजिकच होतं. तरीही दुसऱ्या रात्री बापाचा खून होतो.

अल्योशा मठाकडे वळतो, इव्हान घराकडे. फाटकाशी बाकावर स्मेर्द्याकोव्ह. त्याला हाड् म्हणून पुढे जायचं असं इव्हान ठरवतो, आणि स्वतःलाच नवल वाटावं अशा मऊ आवाजात विचारतो, बाबा झोपलेत का? आणि शेजारी बसतो. या बसण्याची तुलना खानावळीतल्या बसण्याशी केल्यावाचून मला राहवत नाही. दोन्हीकडे तोच इव्हान, तोच दिवस. अल्योशा माणसाने बोललेलं ऐकतो. स्मेर्द्याकोव्ह न बोललेलं ऐकतो. उद्या मला फेपरं येईल, म्हातारा नोकर ग्रिगोरी आजारी असेल, खुणेची दारावरची टकटक दिमित्रीला ठाऊक आहे, आपण चेर्माश्न्या गावाला का जात नाही, असं एकेक तो समोर ठेवत जातो आणि इव्हानच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. इव्हान हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना त्याच्या तोंडून आपोआप निघतं, बघ, मी चेर्माश्न्याला चाललोय. हुशार माणसाशी बोलण्यात मौज असते म्हणतात ते खरंच, असं स्मेर्द्याकोव्ह म्हणतो. सगळ्या कादंबरीत इतकं थंड वाक्य दुसरं नाही. आणि आदल्या रात्री? इव्हान जिन्यावर उभा राहून, श्वास रोखून, खाली बापाची चाहूल घेत राहिला होता. पुढे जन्मभर त्याला हे आपलं सगळ्यात हलकट कृत्य वाटत राहिलं. ऐकण्याच्या या कादंबरीत त्याने केलेलं हेही एक ऐकणं.

खुनानंतर इव्हान स्मेर्द्याकोव्हकडे तीनदा जातो. तिसऱ्या भेटीत स्मेर्द्याकोव्ह पायातल्या लांब मोज्यात हात घालून नोटांचं पुडकं बाहेर काढतो आणि सांगतो, खून मी केला, पण खरा खुनी तुम्ही, मी तुमचा चाकर. या प्रसंगातली एक बारीक गोष्ट मला नेहमी हलवून सोडते. इव्हानचा थरकाप झालेला पाहून स्मेर्द्याकोव्हही चकित होतो. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? हे नाटक नाही. आपण या माणसाला पुरतं ओळखलंय, या घरात आपलं कुणी असेल तर हाच, अशी त्याची खात्री होती. मोबदला म्हणून त्याला तीन हजार रूबल नको होते असं नाही, पण ते पैसे तो त्याच वेळी इव्हानच्या हवाली करतो. आणि त्याच रात्री गळफास घेतो. त्याची एकुलती एक जवळीक गैरसमजावर उभी होती हे त्याला त्या खोलीत कळलं.

इथे लेखकाच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. मे 1878 मध्ये दोस्तोयेव्हस्कीचा धाकटा मुलगा फेपऱ्याच्या झटक्याने गेला. अजून तीन वर्षांचाही नव्हता. त्याचं नाव अलेक्सेय, लाडाने अल्योशा. फेपरं बापाला होतं, आणि ते आपल्याकडून पोराकडे गेलं या जाणिवेने लेखक खचला. त्याची पत्नी आन्ना हिने त्याला तरुण तत्त्वज्ञ सोलोव्ह्योव्हबरोबर ऑप्टिना मठात पाठवलं. तिथल्या आम्ब्रोसी या वृद्ध गुरूंशी त्याचं बोलणं झालं, आणि ते जे बोलले ते त्याने कादंबरीत झोसिमाच्या तोंडी घातलं, अशी आठवण आन्नाने लिहून ठेवली आहे. तीन महिने कमी तीन वर्षांचं पोर गेलेली एक बाई झोसिमापुढे येते, त्या पोराचं नावही अलेक्सेय. झोसिमा तिला रडू नको म्हणत नाहीत. रड, पण प्रत्येक वेळी रडताना मुलगा कुठे आहे ते आठव, असं म्हणतात.

आता पुढचं माझं. गेलेल्या मुलाचं नाव लेखकाने नायकाला दिलं. ज्या आजाराने तो गेला तो आजार दिला स्मेर्द्याकोव्हला. आणि स्वतःचं नाव, फ्योदोर, दिलं त्या बापाला. हे त्याने किती जाणूनबुजून केलं असेल याचा अंदाज मी बांधत नाही. पण अल्योशा आणि स्मेर्द्याकोव्ह हे पुण्य आणि पाप असे दोन टोकांचे नमुने आहेत असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं, आणि ते दोघं एकाच पाळण्यातले वाटू लागतात.

ऐकून घेणं हे नेहमी शुभंकर असतं असंही ही कादंबरी म्हणत नाही. झोसिमा तरुण असताना त्यांच्याकडे एक प्रतिष्ठित, पन्नाशीचा गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन बसायचा. मिखाईल त्याचं नाव. चौदा वर्षांपूर्वी त्याने एका विधवेचा खून केलेला असतो, आळ तिच्या नोकरावर येतो आणि तो नोकर मरून जातो. हे तो झोसिमांना सांगतो आणि कबुली देण्याच्या उंबरठ्यावर दिवसचे दिवस घालवतो. एका रात्री निघून गेल्यावर तो पुन्हा येतो, थोडा वेळ बसतो, निघून जातो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर गुन्हा कबूल करतो, लोक त्याला भ्रमिष्ट समजतात. मरताना तो झोसिमांना सांगतो, त्या रात्री परत आलो तो तुला मारायला आलो होतो. कारण सगळ्या जगात फक्त तुला ठाऊक होतं. आपलं गुपित ज्याला दिलं तोच माणूस असह्य होणं, हे इतक्या उघडपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही. इव्हाननेही अल्योशाशी असंच केलं. बाबांना तू मारलं नाहीस, तू नाहीस, असं अल्योशा रस्त्यावरच्या दिव्याखाली त्याला सांगतो तेव्हा इव्हानच्या मनातलं, त्याने कुणालाच न सांगितलेलं, तो बोललेला असतो. इव्हान तिथल्या तिथे संबंध तोडतो. रशियन समीक्षक मिखाईल बाख्तिनने 1929 च्या आपल्या ग्रंथात दोस्तोयेव्हस्कीच्या पात्रांच्या आत सतत दुसऱ्याचा आवाज चालू असतो असं दाखवलं, आणि हा प्रसंग त्याचा पुरावाच आहे. तो आवाज बाहेरून, प्रेमाने आला तरी माणसाला सोसत नाही.

लीझाने विचारलेला प्रश्नही याच जातीचा. इल्युशाच्या बापाला, अपमानित झालेल्या कॅप्टन स्नेगिर्योव्हला, अल्योशा दोनशे रूबल द्यायला जातो. कॅप्टन आधी हरखतो, पैशांतून काय काय करू याची स्वप्नं रंगवतो, आणि मग एकदम नोटा चुरगाळून वाळूत तुडवतो: माझ्या पोराला मी काय तोंड दाखवू? अल्योशा परत येऊन लीझाला हे सगळं उलगडून सांगतो. तो असं का वागला, त्याला कुठे लागलं, उद्या तो पैसे का घेईल. सगळं अचूक. लीझा म्हणते, आपण त्याच्या मनाची अशी चिरफाड करतोय, वरून बघितल्यासारखी, यात त्याचा अपमान नाही का होत? अल्योशा म्हणतो, येताना मीही हाच विचार करत होतो. पण आपणही तसेच आहोत, मग अपमान कसा? उत्तर शिडीचंच. मला ते पटतं, आणि तरी लीझाचा प्रश्न अधिक खोल वाटतो. चौदा वर्षांच्या मुलीने तो विचारावा, आणि पुढे तीच मुलगी स्वतःचं बोट दारात चिरडून घेण्याइतकी आतून मोडावी, याचं दुःखही वाटतं.

ग्रुशेन्काच्या घरचा प्रसंग याहून उजेडाचा. धर्मशास्त्राचा विद्यार्थी राकितिन पंचवीस रूबलसाठी अल्योशाला तिच्याकडे घेऊन जातो, तो बिघडावा म्हणून. गुरू गेलेत, त्यांच्या देहाला दुर्गंधी सुटल्याने गाव कुजबुजतंय, अल्योशा सैरभैर आहे. ग्रुशेन्का त्याच्या मांडीवर बसते. झोसिमा गेल्याचं कळताच ती क्रूस करते आणि टुणकन खाली उतरते. तेवढ्याने अल्योशा सावरतो. या एका ठिकाणी आधार घेणारा तो आहे आणि देणारी ती, जिला गावाने बदनाम ठरवून मोकळं केलं.

बापाच्या खुनाचा आळ मित्यावर येतो. खटल्याच्या दिवशी अल्योशा साक्षीला उभा राहतो. मित्याने खून केला नाही हे तुम्हाला कशावरून वाटतं? त्याच्या चेहऱ्यावरून. तो खोटं बोलत नव्हता. फक्त चेहऱ्यावरून? दुसरा पुरावा माझ्याकडे नाही. वकिलांच्या जगात अल्योशाचं सगळं ऐकणं कवडीमोल आहे. आणि मग बोलता बोलताच त्याला एक आठवतं. खुनाच्या दोन दिवस आधी, रात्री चव्हाट्यावरच्या झाडाखाली मित्याने छातीवर मूठ आपटत म्हटलं होतं, माझी अब्रू सावरायचा उपाय इथे आहे, इथे. अल्योशाला तेव्हा वाटलं, काळजाकडे बोट दाखवतोय. पण मूठ काळजाच्या फार वर, मानेखाली पडत होती. तिथे कापडात शिवलेले दीड हजार रूबल होते. आता, भर न्यायालयात, त्याला ते कळतं. तो आनंदाने लाल होऊन सांगतो. ज्युरी तरी मित्याला दोषीच ठरवते.

त्या खटल्याच्या आदल्या संध्याकाळी तुरुंगात मित्याने त्याला आणखी एक गुपित सांगितलेलं असतं. इव्हानने पळून जाण्याचा बेत आखलाय. त्यावर तुझं मत आत्ता सांगू नको, निकाल लागल्यावर सांग, असं मित्या बजावतो. अल्योशा निघतो तेव्हा मित्या त्याला दारातून परत बोलावतो, दोन्ही खांद्यांना धरतो आणि विचारतो, देवासमोर असल्यासारखं सांग, मी मारलं असं तुला वाटतं का? अल्योशा हात वर करून म्हणतो, क्षणभरही वाटलं नाही. मित्याचा चेहरा फुलतो. तो म्हणतो, इतके दिवस तुलाही विचारायची भीती वाटत होती, तुलासुद्धा. अटकेला दोन महिने झालेले. बागेतल्या मंडपात आपली सगळी घाण ज्याच्यापुढे ओतली त्याला हा एक प्रश्न विचारायचं धैर्य होत नव्हतं.

उपसंहारात मित्या ते राहिलेलं मत मागतो, आणि आता अल्योशाला बोलावं लागतं. तो गुळमुळीत बोलत नाही. म्हणतो, एवढा मोठा क्रूस तुझ्यासाठी नाही, तू त्याला तयार नाहीस आणि तू निर्दोषही आहेस. दुःख भोगून तुला नवा माणूस व्हायचं होतं ना, मग तो नवा माणूस जाशील तिथे जन्मभर ध्यानात ठेव, तेवढं पुरे. तुझ्या पळण्याची शिक्षा शिपायांना भोगावी लागणार असती तर मी तुला जाऊ दिलं नसतं. लाच देणं वाईटच, पण इव्हानने आणि कात्याने ते काम मला सांगितलं तर मी जाऊन लाच देईन हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तुझा न्याय करू शकत नाही. तुला दोषी मात्र मी कधीच धरणार नाही.

मी स्वतःला दोषी धरतोच, मित्या म्हणतो. पळायचं तर तुला विचारण्याआधीच ठरलं होतं. आणि हे असं बोलणं जेसुइट पाद्र्यांचं ना रे, आत्ता तू बोललास ते?

हो, अल्योशा म्हणतो, आणि हसतो. आपल्या अल्योशाला जेसुइटपणा, म्हणजे सोयीचा युक्तिवाद, करताना पकडलं म्हणून मित्याला एवढा आनंद होतो की तो म्हणतो, थांब, यासाठी तुझा मुकाच घेतला पाहिजे, आणि आता बाकीचंही ऐक. मग तो अमेरिकेबद्दल सांगू लागतो, जिचा त्याला आत्तापासूनच तिटकारा आहे.